सतरावा पारा आणि पाचवीचं पुस्तक



परवा मगरिबनंतर आमच्या गल्लीतली एक भाभी मुलाला घेऊन आली. मुलगा पाचवीत, मराठी शाळेत. वडील राईस मिलमध्ये हमाली करतात, ही घरी शिलाई करते. पिशवीतून तिने दोन वस्तू काढल्या. एक प्रगतिपुस्तक आणि एक लग्नाची पत्रिका. म्हणाली, ‘आपा, जरा इससे ये पढवाके देखो.’

पत्रिका मराठीत होती. मुलाने ‘चि.’वर बोट ठेवलं आणि थांबला. पुढे ‘सौ. कां.’ होतं, ते मोठ्यांनाही अडवतं. म्हणून मी त्याला खाली नेलं, जिथे मंडपाचा पत्ता होता. ‘स्थळ’ या शब्दाशी आल्यावर तो ‘स’ म्हणाला, मग ‘थ’ म्हणाला, मग माझ्या तोंडाकडे पाहायला लागला. प्रगतिपुस्तकात मराठीपुढे अ-2 लिहिलेलं होतं, म्हणजे 81 ते 90 टक्क्यांच्या घरातलं.

‘इसका दिमाग कमजोर है क्या आपा?’ भाभीने विचारलं. मुलाच्या समोरच.

मी विचारलं, मकतबला जातो का? जातो. कितवा पारा चालू आहे? ती क्षणभरही न थांबता म्हणाली, ‘सतरावा.’ मी मुलाला वुजू करायला पाठवलं आणि रिहालवर कुरआन शरीफ उघडून दिलं. त्याने चार आयती वाचल्या. घाई नाही, चाचरणं नाही. एका ठिकाणी मद्द कमी ओढली, तर आईनेच टोकलं.

आता सांगा, दिमाग कमजोर असलेलं मूल नुक्ते, जबर, जेर, पेश, जज्म, तश्दीद ओळखून एका परक्या भाषेची लिपी अशी वाचेल? अक्षर पाहायचं, त्याच्या खाणाखुणा पाहायच्या, आवाज जुळवायचे आणि शब्द उच्चारायचा, हे सगळं काम तो रोज तासभर करतो. मराठी वाचायलाही सुरुवातीला हेच काम लागतं. मग एका जागी जमलेलं दुसऱ्या जागी का जमलं नाही?

मी सव्वीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होते, म्हणून हा प्रश्न मला झोपू देईना. या महिन्याचा लेख रमजानच्या तयारीवर लिहायचा ठरला होता. तो पुढच्या अंकात येईल, इन्शाअल्लाह.

आपल्या घरांत एक गोष्ट मी नेहमी पाहते. कोणत्याही आईला विचारा, मूल मकतबमध्ये कुठवर आलं? ती नेमकं सांगते. नूरानी कायदा संपला, अम्म पारा झाला, आता नाजरा चालू आहे, अमुक पारा. आईला स्वतःला अरबी समजत नसली तरी सांगते. मौलाना सबक ऐकतात. पक्का असेल तर पुढचा देतात, कच्चा असेल तर तोच उद्या पुन्हा. वय दहा झालं म्हणून कुणाला दहाव्या पाऱ्यावर बसवत नाहीत. त्याच आईला विचारा, मूल मराठीत कुठवर आलं? उत्तर येतं, ‘पाचवीत आहे.’ गणितात? ‘पाचवीत आहे.’ पाचवीत आहे म्हणजे ते कोणत्या खोलीत बसतं एवढंच कळलं.

मकतबची सगळी पद्धत चांगली आहे असं माझं म्हणणं नाही. छडी अजून सगळीकडून गेलेली नाही, आणि वाचलेल्याचा अर्थ मुलाला सांगण्याची फिकीर फार थोड्या ठिकाणी होते. पण ‘इथवर यायला हवं’ ही रेघ तिथे सगळ्यांना दिसते. मुलाला, आईला, उस्तादांना. शाळेतली रेघ कुठे आहे?

ती आहे. आपल्या घरात, मुलाच्या दप्तरात आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं उघडून पाहा. गेल्या काही वर्षांतल्या पुस्तकांत धडे सुरू होण्यापूर्वीच्या पानांवर दोन रकान्यांचा एक तक्ता असतो. डावीकडे शिक्षकांनी काय काय करून घ्यावं ते, आणि उजवीकडे मुलाला शेवटी काय यायला हवं ते. उजव्या रकान्याचं नाव ‘अध्ययन निष्पत्ती’. हा शब्द आईबापांना लांब ठेवण्यासाठीच काढला असावा असं मला कधी कधी वाटतं. साध्या बोलीत सांगायचं तर, वर्ष संपताना तुमच्या मुलाला जे जमलं पाहिजे त्याची यादी. शाळा ही पुस्तकं पहिली ते आठवीपर्यंत फुकट देते, आपण त्यांना कव्हर घालतो, वर नाव लिहितो, आणि ते पान कुणी वाचत नाही.

ही यादी एका दिवसात आली नाही. पूर्वी अभ्यासक्रम म्हणजे धड्यांची यादी असे. मास्तरांनी धडे संपवले की अभ्यासक्रम ‘पूर्ण’. मुलाला काय आलं हे त्यात कुठेच नव्हतं. 1990 मध्ये केंद्र सरकारने प्रा. आर. एच. दवे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिने 1991 मध्ये पाचवीपर्यंतच्या भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या विषयांत प्रत्येक मुलाला किमान काय यायला हवं ते मांडून दिलं. मराठीत त्याला ‘किमान अध्ययन क्षमता’ म्हणत. महाराष्ट्राने 1995 च्या प्राथमिक अभ्यासक्रमात तीच दिशा धरली. तेव्हा गोंदिया जिल्हा व्हायचा होता, आम्ही भंडारा जिल्ह्यातच होतो. प्रशिक्षणाला बोलावणं आलं की एसटीने जायचं, मोठाले तक्ते घेऊन यायचे आणि भिंतीला लावायचे. क्षमतांना नंबर होते. आम्ही शिक्षक आपसांत थट्टा करायचो की मुलापेक्षा नंबरच जास्त पाठ झाले.

पुढे 2009 चा शिक्षणाचा अधिकार कायदा आला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही, वर्षभर मूल्यमापन करत राहायचं, अशी ती व्यवस्था. विचार चांगला होता. भीतीने मूल शाळा सोडतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि आपल्या समाजातल्या मुली तर एकदा नापास झाल्या की घरीच बसायच्या. पण कायद्याने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. नापास करू नका, आणि प्रत्येक मूल कुठे आहे ते तपासून, मागे असेल त्याला जास्तीचं शिकवा. ही दुसरी गोष्ट कलम 24 मध्ये शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेली आहे. पालकांना वेळोवेळी बोलावून मुलाची प्रगती सांगणंही त्याच कलमात आहे. पहिली गोष्ट सगळ्यांनी पाळली, दुसरी कागदावर गेली.

कागदावर कशी गेली ते मला माहीत आहे, कारण त्यात माझाही हात आहे. प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असत. ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘परिचित मजकूर वाचतो’, असं. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळायची. जनगणनेचं काम, पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची यादी आणि दोन वर्गांची एकत्र बैठक यांतून वेळ उरायचा नाही. मग संध्याकाळी त्या पुस्तकातून वाक्यं उतरवायची. मीही उतरवली आहेत. ज्या मुलीला परिच्छेद वाचता येत नव्हता तिच्यापुढे ‘समजपूर्वक वाचन करते’ असं मी लिहिलं आहे. ती मुलगी पुढे सातवीनंतर दिसली नाही. हे लिहिताना हात अडखळतो, पण भाभीच्या प्रगतिपुस्तकातलं अ-2 कुठून आलं हे वाचकांना कळायचं तर हे सांगणं भाग आहे.

2017 मध्ये एनसीईआरटीने पहिली ते आठवीच्या अध्ययन निष्पत्ती तयार केल्या आणि त्यांना कायद्याच्या नियमांत जागा मिळाली. 5 जुलै 2021 ला ‘निपुण भारत’ सुरू झालं, त्याने तिसरीपर्यंतची रेघ आणखी स्पष्ट केली. पहिली संपताना चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं आणि 99 पर्यंतच्या संख्या याव्यात. दुसरीत मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि 999 पर्यंत. तिसरीत मिनिटाला किमान 60 शब्द, अर्थ समजून, आणि 9999 पर्यंत. शब्द मोजण्यावर माझा एक आक्षेप आहे. इंग्रजीत जे तीन-चार शब्दांत सांगतात ते मराठीत ‘शाळेतल्यांनासुद्धा’ अशा एकाच शब्दात मावतं, तेव्हा साठाचा आकडा सगळ्या भाषांना सारखा कसा लागेल? पण काहीच रेघ नसण्यापेक्षा ही रेघ बरी. आमचा हा मुलगा पाचवीत आहे आणि तिसरीच्या रेघेच्या अलीकडे आहे. निदान एवढं आता बोलता येतं.

शिकण्याची रेघ आखून देणं ही काही सरकारची किंवा साहेबलोकांची शोधून काढलेली गोष्ट नाही. हिजरी सन 2 मध्ये बद्रची लढाई झाली. मक्केचे जे कैदी हाती आले त्यांतल्या काहींकडे खंडणी द्यायला पैसे नव्हते, पण त्यांना लिहितावाचता येत होतं. सीरतच्या ग्रंथांत नोंद आहे की अशा कैद्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेतल्या दहा-दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्याची अट घातली, आणि ती पुरी झाली की सुटका. हजरत जैद बिन साबित (रजि.) असेच लिहायला शिकले असं सांगितलं जातं. पुढे कुरआन लिहून एकत्र करण्याचं काम त्यांच्याकडेच आलं. या अटीकडे शिक्षकाच्या नजरेने पाहा. इतके महिने शिकवा, इतके धडे घ्या, अशी ती अट नाही. दहा मुलांना लिहितावाचता आलं पाहिजे. हजेरीपटावर सुटका नव्हती. आणि शिकवणारे मुसलमानही नव्हते, ही गोष्ट मराठी शाळेविषयी मनात अढी असणाऱ्या काही बांधवांनी लक्षात घ्यावी.

कारण शेवटी आपली मुलं आहेत कुठे? सच्चर समितीने 2006 मध्येच दाखवून दिलं की शाळेच्या वयातली मदरशात शिकणारी मुस्लिम मुलं शंभरात फक्त तीन-चार आहेत. बाकीची चारचौघांच्या शाळांत, आणि त्यांतली बहुतेक सरकारी शाळांत. आमच्या अर्जुनी मोरगावकडे तर मराठी शाळा हाच बहुतेकांचा रस्ता आहे. त्या शाळेत काय शिकवतात आणि किती येतं, हा आपल्या घरातला प्रश्न आहे.

आता भाषेकडे येते, कारण या मुलाची खरी अडचण तिथे सापडली.

आमच्या घरांत बोलतात ती हिंदी-उर्दूची विदर्भी खिचडी. गल्लीतली मुलं झाडीबोली बोलतात. पुस्तकात पुण्याची मराठी. 2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढं वादळ उठलं होतं, आठवत असेल. एकवीस, बावीसच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचायची रीत त्यात दिली होती. वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, विधिमंडळात थट्टा झाली, मराठी बुडाली अशी ओरड झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही पद्धती दिल्या आहेत, आणि जोडाक्षरांनी भरलेल्या उलट्या नावांमुळे लहान मुलं संख्येला घाबरतात. दक्षिणेतल्या भाषांत आणि इंग्रजीत दशक आधी बोलतात आणि एकक नंतर, हेही त्या सांगत. 2023 च्या जुलैमध्ये त्यांचं निधन झालं. मला वाटतं, त्या वादात बोलणाऱ्या बहुतेकांनी दुसरीचा वर्ग कधी घेतलेला नव्हता.

त्यातही आपल्या मुलांची गंमत वेगळी. 79 ला घरी म्हणतात उन्नासी, शाळेत एकोणऐंशी. ठीक, दोन्हीकडे ऐंशीला एक कमी. पण 89 ला घरी नवासी, म्हणजे ऐंशी आणि नऊ. शाळेत मात्र एकोणनव्वद. मुलाच्या कानावर ‘नव्वद’ पडतं आणि तो 90 च्या पुढचं काहीतरी लिहून मोकळा होतो. तीच गत 50 ची. पचास आणि पन्नास. या मुलाला मी ‘एकोणनव्वद लिही’ म्हटलं, त्याने 91 लिहिलं. ‘नवासी लिख’ म्हटलं, त्याने ताबडतोब 89 लिहिलं. त्याला संख्या येते, तिचं शाळेतलं नाव येत नाही. परीक्षेत दोन्हींचा शून्य सारखाच. (अरबीत तर एकक आधी बोलतात, ‘एक आणि वीस’ असं, मराठीच्या चालीने. आणि हे अंक अरबांकडे इथूनच गेले. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मींनी हिंदी अंकगणितावर पुस्तक लिहिलं आणि पुढे ते अंक युरोपात पोहोचले. मुलांना हे सांगा, त्यांना फार आवडतं.)

मराठी वाचनातही असाच गुंता निघाला. दुसरे दिवशी मी त्याला दुसरीचं पुस्तक दिलं. ‘असर’वाले 2005 पासून गावोगाव घरी जाऊन मुलांना एक कागद देतात. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट असं चढत्या क्रमाने असतं. मीही तसंच केलं. सुटी अक्षरं आली. ‘घर’, ‘कमळ’, ‘बदक’ आलं. काना आला. ‘कु’ला तो ‘कि’ म्हणाला. ‘पुढे’ला ‘पिढे’. मला पहिल्यांदा कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. मकतबात खाली खूण असली की जेर, म्हणजे ‘इ’चा आवाज. ‘उ’साठी पेश, आणि ती वर असते. मराठीत उकार खाली आणि वेलांटी वर. मुलगा खालची खूण दिसली की इमानदारीने जेर वाचत होता. पाच वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मौलाना मराठी शिकवत नाहीत, गुरुजींना अरबी माहीत नाही, आणि आईला वाटलं दिमाग कमजोर.

जोडाक्षराचंही तेच. ‘पाय मोडणे’ म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलं असेल, पण पोहोचलं नव्हतं. मी ‘स्थळ’मधल्या ‘स’वर पेन्सिलीने जज्म काढला. छोटा गोल. तो हसला. ‘स्थळ,’ म्हणाला. मग ‘पक्का’मध्ये तश्दीद आहे हे त्याने मलाच दाखवलं.

शाळेच्या यादीत घरच्या भाषेला जागा नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एनसीईआरटीच्या निष्पत्तींत पहिली-दुसरीच्या मुलाने स्वतःच्या भाषेत किंवा शाळेच्या भाषेत बोलावं, सांगावं, विचारावं, दोन्ही चालेल, असं स्पष्ट आहे. 2009 च्या कायद्याचं कलम 29 शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवायला सांगतं, आणि मूल भीतीमुक्त असावं असंही सांगतं. म्हणजे गोष्ट वाचून झाल्यावर मुलाने ‘वो कौवा था ना, उसने’ असं सुरू केलं आणि अर्थ बरोबर सांगितला, तर त्याला गोष्ट समजली. ते आधी मान्य करायचं, आणि मग तीच गोष्ट मराठीतून सांगायला शिकवायचं. ‘हिंदी बोलू नको’ म्हणून त्याचं तोंड बंद केलं की त्याला काय समजलं हे कळायची वाटच बंद होते.

घाई का करायला हवी तेही सांगते. 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने 2023-24 पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू केली. प्रत्येक विषयात किमान 35 टक्के. कमी पडले तर जास्तीचं मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात आणखी एक वर्ष. शाळेतून काढता येत नाही, हे लक्षात ठेवा, आणि कुणी दाखला घेऊन जा म्हणालं तर घेऊ नका. पण विचार करा, चार वर्षं अ-2 आणि पाचवीला अचानक नापास. त्या मुलाच्या मनात काय येईल? घरात कुणी म्हणेल, जाऊ दे, मिलमध्ये लाव. मुलगी असेल तर त्याहून सोपं उत्तर तयार असतं.

काही पालक यावर उपाय म्हणून मूल इंग्रजी शाळेत घालतात. कर्ज काढून घालतात. ज्याला ‘पुढे’ वाचता येत नाही तो तिथे काय वाचणार? आधी त्याच्या दप्तरातला तक्ता पाहा.

तो पाहायचा कसा, हे भाभीला मी जे सांगितलं तेच लिहिते. आईला मराठी वाचता येत नसेल तरी चालतं. मगरिब-इशाच्या मध्ये मुलाला मागच्या वर्षीच्या पुस्तकातलं न पाहिलेलं पान मोठ्याने वाचायला सांगा. तो कुठे थांबतो ते कानाने कळतं, जसं कुरआन पढताना अडखळलेलं कळतं. पाठ केलेला धडा नको, मुलं पाठ करण्यात हुशार असतात. वाचून झाल्यावर, काय झालं सांग, आपल्या बोलीत. गणितासाठी किराण्याची चिठ्ठी पुरे. शंभराची नोट, 64 चा माल, किती परत आले. जिथे थांबला ते कागदावर लिहून ठेवा, आणि तो कागद घेऊन शाळेत जा.

शाळेत भांडायला जायचं नाही. ‘माझा मुलगा नापास का’ किंवा ‘पास का’ हा प्रश्नच विचारू नका. असं विचारा, ‘गुरुजी, तिसरीच्या यादीतलं यातलं कोणतं त्याला येतं आणि कोणतं येत नाही?’ मी खुर्चीच्या त्या बाजूला बसले आहे म्हणून सांगते, या प्रश्नाला टाळता येत नाही. आणि चांगला शिक्षक टाळणारही नाही, त्याला तर आनंद होईल की कुणीतरी विचारलं. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. आपल्या किती बहिणी त्या समितीत नावाला आहेत आणि सही घरी मागवून करतात, ते त्यांनाच माहीत. बैठकीला जा. अनेक जिल्ह्यांत चावडीवाचन नावाचा उपक्रम झाला. मुलं चावडीत, मंदिरासमोर, गावाच्या पुढे उभी राहून वाचतात. आपल्या मोहल्ल्यात तसं का होऊ नये?

वरच्या पातळीवरही हेच. मे 2024 मध्ये राज्याच्या शालेय शिक्षणाच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात मनुस्मृतीतला श्लोक आणि गीतापठण यावरून मोठा वाद झाला. आपल्यातही चहाच्या टपरीपासून मोबाईलपर्यंत सगळीकडे संताप झाला. सरकारने हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, त्याची मुदत होती. माझ्या ओळखीतल्या संतापलेल्या लोकांत सूचना लिहून पाठवणारा एकही निघाला नाही. मीही पाठवली नाही. पुढच्या वर्षी पहिलीपासून हिंदीचा विषय निघाला. 16 एप्रिल 2025 चा शासन निर्णय, 17 जूनचा सुधारित निर्णय, आणि लोकांनी आवाज उठवल्यावर 29 जूनला दोन्ही रद्द, आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. म्हणजे बोललं की ऐकू जातं. घरी हिंदी-उर्दू आणि शाळेत मराठी जगणारं मूल तीन भाषांबद्दल जे सांगू शकतं ते समित्यांतल्या कुणाला ठाऊक नाही. आता नवा अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने वर सरकतो आहे. नवी पुस्तकं येतील, नवे तक्ते येतील. माझ्या नोकरीतल्या सव्वीस वर्षांत नावं तीनदा बदलली. क्षमता, निष्पत्ती, आणखी काही. ‘पुढे’ला ‘पिढे’ वाचणारं मूल मात्र प्रत्येक वेळी कुठल्या तरी बाकावर होतंच.

मुलगा आता रोज असरनंतर येतो. सोबत धाकटी बहीणही येते, ती दुसरीत आहे आणि भावाच्या चुका काढते. तो तिसरीच्या पुस्तकातल्या नवव्या पानावर आहे. ‘त्र’ आणि ‘ज्ञ’ अजून त्याला दगा देतात. काल येताना त्याने आणखी एक पत्रिका आणली, मिलमधल्या मुकादमाच्या मुलीची. ‘स्थळ’ वाचलं, ‘नवेगावबांध’ वाचलं, तारीख वाचली. ‘सौ. कां.’शी आल्यावर मला विचारलं, ‘आपा, इसका मतलब क्या?’ भाभीने तिसरीच्या पुस्तकातला तो तक्ता माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतला आहे आणि शिलाई मशीनच्या वर भिंतीला चिकटवला आहे. जे आलं त्यापुढे ती खडूने खूण करते. शनिवारी शाळेत समितीची बैठक आहे, आणि ती म्हणते, आपा, तुम्ही दारापर्यंत चला, आत मी जाते.